हिरड्यांचें हंसूं

हंसतांना वरच्या हिरड्या दिसणें या गोष्टीला मराठींत नांव नाहीं. मोठ्यानें हंसणाऱ्याला आपण खिदळणारा म्हणतों, उगाच हंसणाऱ्यानें दांत विचकले असें म्हणतों, आणि कोणी अगदींच अनावर झाला तर त्यानें बत्तिशी दाखविली असें म्हणून मोकळे होतों. पण या सगळ्या शब्दांचा रोख दांतांवर आहे. हिरड्यांकडे भाषेचें लक्ष गेलेलें नाहीं. फार तर एखाद्या स्थळाची माहिती सांगतांना आमची आत्या आवाज जरा खालीं आणून म्हणे, “मुलगी नाकीडोळीं नीटस आहे हो, फक्त हंसतांना हिरड्या दिसतात.” तें नांव नव्हे, वाक्य आहे; आणि वाक्याचें एक बरें असतें कीं, बोलून झालें म्हणजे तें हवेंत विरून जातें. इंग्रजींत मात्र या हंसण्याला ‘गमी स्माइल’ असें सुटसुटीत नांव पडलेलें आहे. त्या भाषेचें मीठ मीं जन्मभर खाल्लें आहे, तेव्हां तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाहीं. पण नांव पडलें कीं निदान होऊं लागतें, निदान झालें कीं उपाय निघतो, आणि उपाय निघाला म्हणजे कालपर्यंत खुशाल हंसणाऱ्या माणसाला आपण रोगी आहों असें वाटूं लागतें, एवढें मीं पाहिलें आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी गेल्या वैशाखांत लग्न होऊन सासरीं गेली. लग्नाला तीन आठवडे असतांना तिनें नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंस एकेक इंजेक्शन टोंचून घेतलें, आणि हंसतांना तिच्या हिरड्या दिसेनाशा झाल्या. इंजेक्शन बॉट्युलिनम नांवाच्या विषाचें होतें. मनुष्याला ठाऊक असलेल्या विषांमध्यें याच्याइतकें जालीम दुसरें नाहीं असें शास्त्रज्ञ सांगतात. हा बेत ठरत होता तेव्हांच बहिणीचा मला फोन आला. “दादा, तूंच तिला कांहीं सांग. लग्न तोंडावर आलं आणि ही तोंडावर विष टोंचून घ्यायला निघाली आहे!” घरांतला प्रोफेसर म्हणजे एरवीं कोणी न विचारणारा मनुष्य, परंतु असल्या प्रसंगीं त्याची आठवण होते. आणि तयारी केल्यावांचून वर्गावर जायचें नाहीं ही पंचवीस-तीस वर्षांची संवय असल्यामुळें भाचीशीं बोलण्यापूर्वीं मी या विषाची कुळकथा वाचावयास बसलों.

ती वाचतां वाचतां मूळ काम बाजूलाच राहिलें, इतकी ती विलक्षण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण जर्मनींतल्या व्युर्टेंबर्ग संस्थानांत लोक सॉसेज खाऊन मरूं लागले. आंतड्यांत रक्त-मांस भरून, धुरावर धरून, महिनेच्या महिने टांगून ठेवण्याचा हा गरिबांचा खाद्यपदार्थ. तो खाल्ल्यावर एकाचे दोन दिसूं लागत, पापण्या गळून पडत, तोंड कोरडें पडे, घांस गिळेनासा होई आणि अखेरीस श्वास घेणारे स्नायुच थांबत. शुद्ध मात्र शेवटपर्यंत शाबूत राही, हें त्यांतलें सगळ्यांत भयंकर. या मृत्यूंचा पाठपुरावा युस्टिनुस केर्नर नांवाच्या एका वैद्यानें केला. १८२० आणि १८२२ सालीं त्यानें या विषबाधेवर ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यानें विषाचा अर्क काढून प्राण्यांवर प्रयोग केले, आणि तेवढ्यावर न थांबतां थोडासा अर्क स्वतःच्या जिभेवर घेऊन काय होतें तें टिपून ठेविलें. हा मनुष्य पेशानें वैद्य आणि वृत्तीनें कवि होता. जर्मन साहित्याच्या इतिहासांत त्याचें नांव कवि म्हणूनच येतें. म्हातारपणीं दृष्टि अधू झाली तेव्हां कागदावर पडलेले शाईचे डाग घडी घालून दाबावे, उमटेल त्या आकृतींत भुतेंखेतें पाहावीं आणि त्यांच्यावर कविता कराव्या असा त्याचा छंद होता. असल्या माणसालाच तें सुचावें जें सुचलें: ज्या रोगांत मज्जातंतु बेफाम होऊन शरीर आपोआप नाचूं लागतें, त्या रोगांत हेंच विष अल्प प्रमाणांत दिलें तर तें औषध होईल, असें त्यानें लिहून ठेविलें. तें खरें व्हावयास दीडशें वर्षें लागलीं.

मधल्या काळांत, १८९५ सालीं, बेल्जममधल्या एलझेल नांवाच्या खेड्यांत एका अंत्ययात्रेंत वाजविणाऱ्या बँडवाल्यांनीं खारवलेलें डुकराचें मांस खाल्लें आणि त्यांतले तिघे दगावले. त्या मांसांतून एमिल फान एर्मेंगेम या प्राध्यापकानें विष तयार करणारा जंतु वेगळा काढला, आणि लॅटिनमध्यें सॉसेजला ‘बॉट्युलस’ म्हणतात त्यावरून त्याचें बारसें झालें. पुढें सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रवैद्यानें हें विष तिरळेपणावर वापरून पाहिलें. डोळ्याचा एक स्नायु दुसऱ्यापेक्षां जोरानें ओढीत असेल तर त्याला थोडें गुंगवावें, म्हणजे बुबुळ मध्यें येईल, अशी त्याची कल्पना. प्रथम माकडांवर आणि नंतर माणसांवर ती खरी ठरली. १९८० सालीं त्यानें ती प्रसिद्ध केली, आणि १९८९ सालीं अमेरिकन सरकारनें औषध म्हणून या विषाला मान्यता दिली. येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणीही हात जोडील. पण १९८७ च्या सुमारास कॅनडांतल्या व्हँकूव्हर शहरीं जीन कॅरुदर्स या नेत्रवैद्य बाईंच्या एका रोग्यानें, पापण्यांवरचा उपचार चालू असतांना, कपाळावरही इंजेक्शन द्या असा हट्ट धरला. कारण तें दिलें कीं आठ्या जाऊन मुद्रा कशी निवांत दिसते! बाईंचे यजमान त्वचारोगांचे वैद्य. दोघांनीं मिळून १९९२ सालीं या आठ्या घालविण्याच्या उपायावर निबंध लिहिला, आणि तिरळ्यांचें औषध सुखवस्तूंच्या घरीं येऊन पोंचलें.

आठ्यांकडून हंसण्याकडे यावयास फार दिवस लागले नाहींत. प्वेर्तो रिकोंतल्या सान हुआन शहरीं मारिओ पोलो नांवाचे एक दंतवैद्य आहेत. त्यांनीं २००५ सालीं थोड्या आणि २००८ सालीं तीस रोग्यांवर हा उपाय करून त्याचे आंकडे दिले. हंसतांना ज्यांच्या हिरड्या सरासरीनें पांच मिलिमीटर दिसत, त्यांच्या दोन आठवड्यांनंतर जवळ जवळ दिसेनाशा झाल्या. पुढच्याच वर्षीं सेऊलच्या योन्सेई विद्यापीठांतल्या संशोधकांनीं शवविच्छेदन करून वरचा ओंठ उचलणारे तीन स्नायु एकत्र येतात तें ठिकाण नक्की केलें. नाकपुडीच्या बाजूला, गालावर, बोटाच्या पेराएवढ्या जागेंत तें आहे, आणि त्याला ‘योन्सेई बिंदु’ म्हणतात. तेथें एका बाजूस तीन युनिट औषध पुरे असें त्यांचें मत. त्या तीन स्नायूंतल्या एकाचें नांव ‘लेव्हेटर लॅबिआय सुपीरिऑरिस अलिक्वी नेझाय’ असें आहे. स्नायूच्या मानानें नांव बरेंच लांब आहे खरें. पण अर्थ साधा आहे: वरचा ओंठ आणि नाकपुडी वर उचलणारा.

विष तेथें काय करतें तेंही समजण्यासारखें आहे. मज्जातंतूच्या टोंकाशीं एका द्रव्याच्या बारीक पुड्या बांधलेल्या असतात. त्या फुटल्या म्हणजे स्नायूला आकुंचन पावण्याचा हुकूम पोंचतो. हें विष त्या पुड्या फोडणाऱ्या यंत्रणेंतला एक दुवा कापून टाकतें. मेंदूनें पत्र लिहिलें, तें टपालकचेरींतही पडलें, पण शिपाई बाहेर निघेना, असा प्रकार. स्नायु मरत नाहीं, तंतु मरत नाहीं. तीन-चार महिन्यांत दळणवळण पुन्हां सुरू होतें आणि हंसूं पूर्ववत् होऊं लागतें. विषाच्या मात्रेविषयीं मात्र एक गोष्ट वाचून मी क्षणभर थबकलों. ‘युनिट’ म्हणजे काय, तर उंदरांच्या एका गटाला पोटांत टोंचल्यावर त्यांतले निम्मे उंदीर ज्या मात्रेनें मरतील ती मात्रा. आतां उंदरांऐवजीं पेशींवर परीक्षा घेण्याची रीत निघाली आहे, आणि एका मोठ्या औषध-कंपनीला अमेरिकेंत २०११ सालीं तशी परवानगीही मिळाली; पण माप तेंच राहिलें. माझ्या भाचीच्या लग्नांतलें हंसूं असें उंदरांच्या मरणाच्या मापानें मोजलेलें आहे. हें मीं बहिणीला सांगितलें नाहीं. घातक मात्रेच्या मानानें ही मात्रा अगदीं क्षुल्लक आहे, जाणत्या हाताचें काम असलें म्हणजे झालें, एवढेंच सांगितलें. आणि तें खरेंच आहे. तिकडच्या औषध-नियंत्रकांची या हंसण्यासाठीं वेगळी मान्यता नाहीं, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर हें करतात, हेंही सांगितलें. बहिणीनें यांतलें पहिलें वाक्य सोडून दिलें आणि दुसरें तेवढें लक्षांत ठेवलें.

विषाची भीति अशी बहिणीची होती. माझी अडचण निराळी होती. भाचीचें तें हंसूं माझ्या आईचें होतें. नाकडोळे, रंग, उंची यांपैकीं कांहींही आजीचें न घेतां या मुलीनें नेमकें तेंच उचललें होतें: अगोदर नाक किंचित् फुगायचें, मग वरचा ओंठ एखाद्या पडद्यासारखा झटकन् वर जायचा, आणि दांतांच्या ओळीवर गुलाबी हिरड्यांची दुसरी ओळ उभी राहायची. आईला जाऊन वीस वर्षें झालीं. वयाबरोबर वरचा ओंठ खालीं उतरतो असें दंतवैद्य सांगतात, आणि आईचाही साठीनंतर उतरला होता. त्यांत कवळी आली. म्हणजे मीं लहानपणीं पाहिलेलें तिचें हंसूं तिच्या हयातींतच नाहींसें झालेलें होतें. भाची पांच-सहा वर्षांची झाली आणि एके दिवशीं माझ्या चालण्याची नक्कल करून खदखदून हंसली तेव्हां तें मला पुन्हां दिसलें.

हें सगळें तिला सांगावें असें प्रथम माझ्या मनांत होतें. पण आईच्या हंसण्याविषयीं आणखी एक गोष्ट खरी आहे. तें मीं पाहिलें तें स्वयंपाकघरांत. माजघराचा उंबरठा ओलांडला कीं तिच्या तोंडाला पदर लागत असे. बाहेर वडील असत, काका असत, आलेगेले असत. “बायकांनीं दांत दाखवूं नयेत” हें वाक्य आमच्या घरीं तुळशीला पाणी घालावें इतक्या सहजतेनें उच्चारलें जाई. आमच्या वडिलांनीं नाट्यशास्त्र वाचलेलें नव्हतें, पण भरतमुनींशीं त्यांचें मत तंतोतंत जुळत होतें. भरतांनीं हास्याच्या सहा पायऱ्या केल्या आहेत. पहिली स्मित, तिच्यांत दांत मुळींच दिसत नाहींत; दुसरी हसित, तिच्यांत किंचित् दिसतात; या दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठीं. नाक फुगवून हंसणें हें उपहसित, आणि तें मध्यमांत जमा. डोळ्यांना पाणी येईपर्यंत व कुशी धरून हंसणें तें अधमांचें. शिवाय हा रस बहुधा स्त्रियांत आणि नीच पात्रांतच आढळतो, अशी पुस्तीही तेथें जोडलेली आहे. नाक फुगविणारा आणि ओंठ उचलणारा तो लांब नांवाचा स्नायु असा दोन हजार वर्षांपूर्वींच मध्यम ठरलेला आहे. तेव्हां हिरड्या झांकण्याचें वेड सान हुआनहून किंवा सेऊलहून आमच्याकडे आलें, असें म्हणावयास मी तयार नाहीं. तिकडून आली ती फक्त सुई. पदर आमच्या घरचाच होता.

भाचीकडे गेलों तेव्हां ती साखरपुड्याचे फोटो निवडीत बसली होती. फोटोग्राफरनें तीनशें पाठविले होते. तिनें त्यांतले अकरा बाजूला काढले होते आणि त्या अकरांत एकांतही तिचें तोंड उघडें नव्हतें. उरलेल्यांत, जेथें ती हंसते आहे तेथें, बहुतेक ठिकाणीं तोंडापुढें हात. मीं तिला आजीची गोष्ट सांगितली, पदर वगळून. ती शांतपणें ऐकून म्हणाली, “मामा, तुम्हांला माझं हंसूं आठवतं. मला माझे फोटो आठवतात.”

या वाक्याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. हंसणारा आपलें हंसूं कधींच पाहत नाहीं. आरशांत मनापासून हंसणारा मनुष्य अजून माझ्या पाहण्यांत नाहीं. तेथें आपण दांत तपासतों, भांग पाडतों, फार तर ओंठ ताणून पाहतों. म्हणजे हंसरा चेहरा ही ज्याची त्याला सोडून इतर सर्वांना ठाऊक असलेली वस्तु होती. ती पाहणाऱ्यालाही निमिषभरच दिसे. नाक फुगलें, ओंठ वर गेला, खालीं आला, गोष्ट संपली. आईच्या हिरड्या किती दिसत हें मला विचाराल तर सांगतां येणार नाहीं. ती हंसे कशी तें सांगतां येईल. कॅमेऱ्यानें त्या निमिषाला चौकट घातली, आणि आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. ओंठ वर गेलेला आहे तो तेथेंच थांबला आहे, खालीं यायचें नांव नाहीं. असल्या थांबलेल्या हंसण्याला मग फुटपट्टी लावतां येते. मी जें हंसूं वांचवूं पाहत होतों तें तिला कधीं मिळालेंच नव्हतें; तिच्या वांट्याला आलेले होते ते हे पांच मिलिमीटर. ज्यानें स्वतःच्या तोंडापुढें कधीं हात धरला नाहीं त्यानें यावर व्याख्यान द्यावें हें मला प्रशस्त वाटलें नाहीं. बहिणीला मीं कळविलें कीं, मी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जातों.

डॉक्टरीणबाई समंजस होत्या. त्यांनीं अगोदर तिला बोलावयास लावलें, मग हंसावयास लावलें, आणि हुकमावरून हंसूं येईना तेव्हां माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “सर, कांहींतरी विनोद करा.” मीं केला नाहीं, पण माझा चेहरा पाहूनच भाची हंसली आणि बाईंनीं माप घेतलें. साधारणपणें तीन-चार मिलिमीटरांहून अधिक हिरडी दिसली म्हणजे लोक तक्रार घेऊन येतात, असें त्या म्हणाल्या. वरचा जबडाच लांब असेल तर तो कापून वर बसवावा लागतो, तें मोठें शस्त्रकर्म. हिरडी दांतांवर उतरलेली असेल तर ती छाटून दांत उघडे करतात. आणि ओंठच फार चपळ असेल तर हें औषध. भाचीचा ओंठ चपळ होता. हें निदान ऐकून मला उगाचच आनंद झाला. औषध फार पडलें तर वरचा ओंठ लोंबतो, कमीजास्त पडलें तर हंसूं वांकडें होतें, आणि झालें तर महिने मोजण्यावांचून उपाय नाहीं, हेंही बाईंनीं लपवून ठेविलें नाहीं. प्रत्येक बाजूस अडीच युनिट. चहा गाळून कपांत ओतावयास लागतो तितकाही वेळ लागला नाहीं.

चार दिवसांनीं तिचा फोन आला कीं, ओंठ कोणीतरी हळूच धरून ठेवल्यासारखा वाटतो. लग्नांत मीं तिला नीट पाहिलें. हंसूं सुरेख दिसत होतें; दांतांच्या कडेशीं ओंठाची रेघ जणू आंखून दिलेली. भरतमुनींनीं तिला दुसऱ्या पायरीवर निःशंकपणें बसविलें असतें. ज्यांनीं तिला पूर्वीं पाहिलें नव्हतें त्यांना त्यांत कांहीं उणें दिसण्याचें कारण नव्हतें. मला मात्र एक खटक जाणवत होती. हंसूं अगोदर डोळ्यांत येई, गालांत येई, आणि ओंठापाशीं आलें कीं एखाद्या घराचें दार अर्धेंच उघडावें तसें होई. ड्यूशेन या फ्रेंच वैद्यानें चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन १८६२ सालीं एक ग्रंथ लिहिला. खरें हंसूं डोळ्यांभोवतालच्या स्नायूवरून ओळखावें, तो स्नायु इच्छेनें हलत नाहीं, असें त्याचें म्हणणें. त्या कसोटीला तिचें हंसूं पुरेपूर उतरत होतें, त्याबद्दल माझी खात्री आहे.

आणि दुसरें एक मीं पाहिलें. सबंध चार दिवसांत तिचा हात एकदांही तोंडापुढें गेला नाहीं. हळदीच्या वेळीं नवऱ्याकडच्या कोणीतरी कांहीं थट्टा केली तेव्हां ती मान मागें टाकून, सगळ्या मांडवादेखत, पुरुषमंडळींदेखत हंसली. माझ्या आईला हें आयुष्यांत एकदांही करतां आलें नव्हतें. बहीण माझ्याकडे पाहत होती. मीं दुसरीकडे पाहिलें.

आईचे फोटो आमच्याकडे सातच आहेत. लग्नांतला एक, माझ्या मुंजींतला एक, काशीयात्रेचे दोन, बाकीचे म्हातारपणींचे. सातांतही तोंड घट्ट मिटलेलें. भाचीच्या लग्नाचे फोटो बाराशेंच्या वर आहेत, आणि त्यांत ती जवळ जवळ प्रत्येकांत हंसते आहे. पण आजीचें हंसूं त्यांतही नाहीं.

गणपतीला ती माहेरीं आली तेव्हां साडेचार महिने होऊन गेले होते. आरतीनंतर आमच्या घरच्या कोणाला ‘घालीन लोटांगण’ म्हणतांना नेहमींप्रमाणें ठसका लागला, आणि तिचें नाक फुगलें. ओंठ वर चढला. पूर्वींइतका नव्हे, पण चढला. मीं कांहीं बोललों नाहीं. रात्रीं जेवतांना तिनें आपण होऊनच सांगितलें कीं, औषध उतरत आलें आहे, पुन्हां घ्यायचें कीं नाहीं तें अजून ठरविलेलें नाहीं, नवऱ्याला विचारलें तर तो म्हणाला तुला वाटेल तें कर. डॉक्टरीणबाईंची पुढची वेळ मात्र तिनें घेऊन ठेवली आहे, दसऱ्यानंतरची.